हृदयातील गाठ : घाबरू नका, पण वेळही दवडू नका

गाठ म्हटली की कॅन्सर आणि हृदयातील गाठ म्हटली की सारे संपले, असा आपल्याकडे समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मुळात हृदयातच उगम पावणाऱ्या गाठी फार विरळा आणि त्यांपैकी चारांतील सुमारे तीन साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या असतात. प्रौढांमध्ये सर्वांत जास्त आढळणारी गाठ म्हणजे मिक्झोमा.

ही गाठ जेलीसारखी मऊ असते. बहुधा ती हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात, मधल्या पडद्याला देठाने लोंबकळत असते. प्रत्येक ठोक्याबरोबर ती हलते आणि खालच्या झडपेच्या तोंडाशी येऊन रक्ताची वाट अडवते. त्यामुळे दम लागतो, छातीत धडधडते, घेरी येते. कधी कधी कूस बदलली की दम वाढतो किंवा कमी होतो. काहींना बारीक ताप येतो, वजन घटते. गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला, तर तरुण माणसालाही अर्धांगवायू होतो.

संधिवाताच्या तापामुळे झडप अरुंद होण्याचा आजार आपल्याकडे पुष्कळ. त्याची लक्षणे आणि आल्यातून ऐकू येणारे आवाज या गाठीसारखेच असतात. माझ्याकडे आलेल्या चाळिशीतील एका भगिनीवर दोन वर्षे झडपेचेच औषध चालू होते. टू-डी एको केला, तेव्हा गाठ दिसली. तिचे सासरे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घरात लग्न आहे. वैशाखात ते उरकलं, की नेतो तिला." मी म्हटले, "आबा, ही गाठ मुहूर्त पाहत नाही. वाट अडली किंवा तुकडा सुटला, तर लग्नघरात काय होईल?" म्हातारबांनी क्षणभर विचार केला आणि त्याच आठवड्यात तिला शहरात नेले. ऑपरेशन झाले. आज ती शेतात राबते आणि वर्षातून एकदा एको करून घेते.

पूर्वी या गाठीचा पत्ता बहुधा शवविच्छेदनातच लागे. १९५३ मध्ये अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशिनच्या साहाय्याने पहिली यशस्वी हृदयशस्त्रक्रिया केली आणि १९५४ मध्ये स्वीडनमध्ये डॉ. क्लारेन्स क्राफोर्ड यांनी त्याच तंत्राने मिक्झोमा यशस्वीपणे काढला.

आजही पद्धत तीच आहे. छातीचे मधले हाड उघडून रक्ताभिसरण मशिनवर घेतात आणि हृदय थांबवतात. तोवर हृदयाला फार हात लावत नाहीत. न जाणो, तुकडा सुटायचा. मग गाठ देठासह व पडद्याच्या थोड्या भागासह काढतात. पडद्याला पडलेले छिद्र लागल्यास हृदयावरील आवरणाचे ठिगळ लावून बुजवतात. देठ मागे राहिला, तर गाठ पुन्हा वाढू शकते. काही घराण्यांत ही गाठ आनुवंशिक असते. तिथे जवळच्या नातलगांनीही एको करून घ्यावा.

सर्वच गाठींना हा नियम लागू नाही. तान्ह्या मुलांतील रॅब्डोमायोमा नावाच्या गाठी पुष्कळदा आपोआप लहान होतात. सार्कोमा हा मात्र खरा कॅन्सर. तिथे नुसते ऑपरेशन पुरत नाही.

वाचकहो, मिक्झोमा कोणत्याही गोळीने किंवा काढ्याने विरघळत नाही. कारण नसताना दम लागणे, कूस बदलताच घेरी येणे, ऐन तारुण्यात अर्धांगवायू होणे, यांपैकी काही दिसल्यास एकोबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. त्या तपासणीत सुई नाही, वेदना नाहीत. खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा, शिधापत्रिका सोबत न्या, आणि निदान झाल्यावर दिवस मोजत बसू नका.