गाणे पाठ, गीतकार कोण?

नव्वदच्या दशकातील 'इंडीपॉप'च्या आठवणींवर प्रस्थापितांच्या वृत्तपत्रांचे रकाने अधूनमधून भरले जातात. १९९५ चे अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया', पाठोपाठ लकी अली. सिनेमाबाहेरचे म्हणून ते स्वतंत्र संगीत, असे सांगितले जाते. आमचा त्याला विरोध नाही. ती गाणी आम्हीही शेजारच्या टीव्हीवर ऐकली. पण आमच्या तरुणपणचे सिनेमाबाहेरचे संगीत शोधायचे असेल तर वस्तीत यावे लागेल.

१४ एप्रिलच्या आधीच विहारासमोरच्या खांबाला कर्णा बांधला जाई आणि पहाटेपासून भीमगीतांची कॅसेट लागे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग असत. पुस्तक घ्यावे की कॅसेट, असा हिशेब करता करता आम्ही दोन्ही घेत असू आणि परतीला वडापाववर भागवत असू. रीळ अडकले की पेन्सिल घालून गुंडाळायचे, तुटले तर नेलपॉलिश लावून जोडायचे. चाली पुष्कळदा सिनेमाच्याच उचललेल्या असत, हे कबूल केले पाहिजे. शब्द मात्र आपले होते. अक्षरओळख नसलेल्या आयाबायांना महाड, नाशिक, येवला ही नावे या गाण्यांनीच पाठ करून दिली.

वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची नावे तरी राहिली. शाहीर विलास घोगरे यांनी रमाबाईनगरच्या गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलै १९९७ ला गळफास घेतला. आनंद पटवर्धन यांनी त्यांचे गाणे आधीच चित्रित केले होते, म्हणून 'जय भीम कॉम्रेड'मधून तो आवाज आजच्या पोरांपर्यंत पोहोचला. ज्यांच्यासमोर कॅमेरा गेलाच नाही, त्यांचे काय?

परवा आम्ही कॅसेटची जुनी पेटी उघडली. निम्म्या रिळांना बुरशी लागलेली. एका डबीच्या कागदावर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचे नाव त्याहून मोठे. गीतकाराचे नावच नाही! गाणे आम्हाला अजून तोंडपाठ आहे. मंडळातल्या तिघांना विचारले, तर तिघांनी तीन नावे सांगितली. त्यातले एक अर्थातच वामनदादांचे. लिहिणारा सापडला नाही की गाणे वामनदादांच्या नावावर टाकून मोकळे व्हायचे, ही आपली जुनी सवय. वामनदादांचे त्यात काही वाढत नाही, कुणा गरीब कवीचे मात्र सगळे जाते.

जयंतीच्या डीजेच्या रकमेतून थोडे पैसे काढून या कॅसेट संगणकावर उतरवाव्यात आणि म्हाताऱ्या गायकांना विचारून नावे लिहून घ्यावीत, असे आम्ही मंडळाच्या बैठकीत सुचवले. विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.