आधी तिथी, मग लेन्स

ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो टिपायचे म्हटले की ठाणे-डोंबिवलीतल्या हौशी छायाचित्रकारांची चर्चा लेन्सवर येते: ४०० मिलिमीटरची पुरेल की ६०० ची घ्यावी? माझ्या मते आपल्या उष्ण, दमट हवेत हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न भरतीच्या वेळेचा, आणि त्याचे उत्तर कोणत्याही दुकानात मिळत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. हे पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे इथे असतात. त्यांतली लहान फ्लेमिंगो ही जात मुख्यतः नील-हरित शेवाळावर जगते. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. सफरीच्या बोटी ऐरोलीहून सुटतात.

आता हवेकडे वळू. एप्रिल-मेमध्ये ओहोटीने उघडा पडलेला काळा चिखल नऊ-दहापर्यंत चांगलाच तापतो. त्याला लागून असलेली हवा गरम होऊन वर उठते, थंड हवा खाली येते आणि दोन्हींच्या घनतेतल्या फरकामुळे त्यांतून येणारा प्रकाश सतत थोडाथोडा वाकत राहतो. पक्षी ३०० मीटरवर असेल तर तेवढ्या अंतरातली सगळी थरथर फोटोत उतरते. पिसांच्या कडा विरघळतात, लांब पाय नागमोडी दिसतात. डोंबिवलीजवळच्या भोपरच्या उघड्या माळावरही हेच घडते. पक्षी लांब असतात म्हणून मोठी लेन्स हवीच, असा आक्षेप येतो. पण ती लेन्स पक्ष्याबरोबर थरथरही मोठी करते. संगणकावर धुरकटपणा काढता येतो, हेही खरे. मात्र त्याने रंग-उजेडाचा फरक वाढतो, पुसले गेलेले पीस परत येत नाही. त्यात आपल्या अक्षांशावर सूर्य झपाट्याने वर चढतो. मेच्या मध्याला इथे शून्य सावली दिवस असतो. त्या सुमारास दुपारचा उजेड सरळ पाठीवर पडतो आणि पोटाखाली सगळा अंधार.

म्हणून अंतर कमी करायचे, तेही कोवळ्या उन्हात. हे काम पाणीच करते. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलावर दूरवर पांगतात. पाणी चढू लागले की काठाकडे सरकतात, आणि तापणारा चिखलही झाकला जातो. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे फार उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्रयोदशीला पावणेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा; खाडीत आत थोडी उशिरा. म्हणजे त्रयोदशी ते पौर्णिमा-अमावास्या या दिवसांत सकाळी सात-आठला पाणी चढत असते. ऐरोली पूर्व काठावर असल्याने तेव्हा सूर्य पाठीशी राहतो. बोट मात्र पक्षी उडतील इतकी जवळ नेऊ नये. उडालेल्या थव्याचे खाणे तुटते.

नोकरदारांना रविवारच मोकळा, तिथी कशी जुळणार? भरती दिवसातून दोनदा येते. त्यामुळे त्रयोदशीच्या आसपास संध्याकाळीही पाणी चढते आणि भांडुपच्या पश्चिम काठावर तेव्हा सूर्य पाठीमागे असतो. दर पंधरवड्याला हे गणित पुन्हा येते, म्हणजे हंगामात काही रविवार नक्की सापडतात. ज्यांना सहाशेची लेन्स घ्यायचीच आहे त्यांनी घ्यावी, पण पावसाळ्यात ती सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावी. या दमटपणात काचेवर बुरशी लवकर धरते.