किनवट परिसरातील मोहाची दारू : साकेच्या संदर्भात किण्वनविद्येचा विचार

नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर या तालुक्यांत गोंड, कोलाम, आंध या आदिवासी समाजांची वस्ती आहे. गोंड समाजात जन्म, विवाह, मृत्यू व देवकार्य या प्रसंगी मोहाची दारू देवास व पितरांस अर्पण केली जाते. मराठवाड्यात या दारूचा विचार बहुधा दारूबंदीचा प्रश्न म्हणूनच होतो. तिच्यामागे एक किण्वनविद्या आहे, हे त्यात हरवते. जपानमधील साके या तांदळाच्या मद्याशी तुलना करून या विद्येचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मद्य कोणतेही असो, त्याच्या मुळाशी साखर असते. तांदळात साखर नसून पिष्ट असते आणि यीस्टला पिष्ट पचत नाही. हा पेच जपानी लोकांनी 'कोजी' या बुरशीच्या साहाय्याने सोडविला. आठव्या शतकातील 'हारिमा फुदोकी' या ग्रंथात देवाला वाहिलेल्या भाताला बुरशी आली व त्यापासून मद्य केले गेले, असा उल्लेख आढळतो. वाफवलेल्या भातावर ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढविली की ती पिष्टाची साखर करते आणि त्याच पात्रात यीस्ट त्या साखरेचे मद्यार्क बनविते. दोन्ही क्रिया एकाच वेळी चालत असल्यामुळे ऊर्ध्वपातन न करताही साकेत मद्यार्काचे प्रमाण सामान्यतः १५-१६ टक्के असते.

भारतालाही ही वाट अपरिचित नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात 'मेदक' या मद्यासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व असे प्रमाण दिले आहे. हे किण्व उडीद व तांदूळ यांपासून तयार करीत.

मोहाची गोष्ट निराळी आहे. साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची मांसल फुले गळून पडतात. ती वेचण्याचे काम प्रामुख्याने स्त्रिया व मुले करतात. वाळलेल्या फुलांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असल्याने येथे बुरशीची गरज भासत नाही. फुले काही दिवस पाण्यात भिजत ठेवली की आंबतात. या आंबलेल्या मिश्रणाला 'सडवा' म्हणतात. सडवा मडक्यात तापवून निघणारी वाफ थंड पाण्याच्या भांड्याखाली किंवा नळीतून थिजविली जाते. साकेचे कौशल्य किण्वनात आहे, तर मोहाच्या दारूचे भट्टीवर. आच वाढली तर सडवा करपतो आणि थंडावा कमी पडला तर वाफ निसटते. गूळ व नवसागर यांच्या हातभट्टीला आणि या दारूला एकाच मापाने मोजणे त्यामुळे योग्य नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे. मोहाची ही परंपरा तेथे शोधण्यात अर्थ नाही.

किनवट पूर्वी निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात होते. हायमेनडॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हाही ते तेथेच होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेडला जोडले गेले. त्यामुळे या भागाने आधी हैदराबादचा आबकारी कायदा आणि पुढे मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ असे दोन्ही पाहिले. दुसऱ्या कायद्याने मोहफुलांचा साठा व वाहतूक यांवरही बंधने घातली. फूल हे अन्नही आहे, याचा त्यात पुरेसा विचार झाला नाही.

मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूस 'वारसा मद्य' म्हणून विक्रीची वाट मोकळी करण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मोहफुलांच्या संकलन, साठवणूक व वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. डिसेंबर २०२४ मध्ये कोजीच्या साहाय्याने मद्य करण्याच्या जपानी विद्येला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. किनवटच्या जंगलात आता फुले वेचता येतात. मात्र परवान्याशिवाय त्यांची दारू गाळणे कायद्याच्या कलम ६५ खाली गुन्हाच आहे. छापा पडला की सडवा जमिनीवर ओतला जातो व मडकी फोडली जातात.