रक्तात खेळ असतो म्हणजे नेमकं काय असतं?

आजच्या भागाचा विषय पालकांनीच दिलेला आहे. मुलांना मैदानावर, तलावावर, अकादमीत घेऊन जाणारे आईबाबा मला जे विचारतात, त्यात तीन प्रश्न हमखास असतात. पहिला, “आमच्या घरात कुणी खेळाडू नाही, मग हिच्यासाठी एवढी धावपळ करून उपयोग आहे का?” दुसरा नेमका उलटा, “मी स्वतः विद्यापीठाकडून खेळलोय, मग हा मागे का पडतो?” आणि तिसरा अलीकडचा, “लाळेचा नमुना पाठवला की कुठला खेळ जमेल ते सांगणारी टेस्ट निघाली आहे, करून घेऊ का?”

तिन्ही प्रश्नांमागे इच्छा एकच आहे. मूल नऊ-दहा वर्षांचं असतानाच पुढचं कळावं. ही इच्छा मला समजते. खेळाला पैसा लागतो, घरातल्या सगळ्यांची पहाटेची झोप जाते, अभ्यासाचं काय ही धाकधूक असते. आणि समोर क्रीडागुण, खेळाडूंसाठी राखीव जागा, रेल्वेतली, पोलिसातली किंवा सैन्यातली नोकरी दिसत असते. अनेक घरांसाठी हा हौसेचा मामला नसतो, तो संसाराचा हिशोब असतो.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. खेळात अनुवंशाचा वाटा आहे आणि तो लहान नाही. पण लहान मुलाकडे बघून तो वाचता येत नाही. तो दिसायला वर्षं लागतात. आपण घाई केली, तर तो दिसायच्या आधीच मूल खेळ सोडून गेलेलं असतं.

उंचीचं गणित

सोप्या गोष्टीपासून सुरुवात करू. माणसाच्या ज्या गुणांवर आईबापांचा सर्वात जास्त प्रभाव असतो, त्यात उंची येते. चांगलं पोषण मिळालेल्या समाजात माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकापैकी सुमारे 80 टक्के फरक अनुवंशाशी जोडला जातो. 2022 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात 50 लाखांहून जास्त लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास आला. उंचीशी संबंधित 12 हजारांहून जास्त जनुकीय फरक त्यात सापडले. म्हणजे फक्त उंची ठरवायला हजारो छोटे फरक मिळून काम करतात.

मुलांचे डॉक्टर उंचीचा अंदाज एका सोप्या सूत्राने काढतात. आई आणि वडील यांच्या उंचीची बेरीज करायची. मुलगा असेल तर 13 सेंटिमीटर मिळवायचे, मुलगी असेल तर 13 वजा करायचे, आणि दोनाने भागायचं. समजा वडील 170 आणि आई 155 सेंटिमीटर आहे. मुलाचा अंदाज निघतो 169. पण हाच डॉक्टर पुढे सांगतो, की यात दोन्ही बाजूंना आठ-नऊ सेंटिमीटरचा फरक सहज पडू शकतो. म्हणजे मुलगा 160 चाही होईल आणि 178 चाही. इतक्या अनुवंशिक गुणाबद्दल जर अंदाज एवढा ढोबळ, तर ‘हा चांगला फलंदाज होईल का’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्या सूत्रातून येणार?

एका जनुकाची गोष्ट

आता त्या टेस्टकडे येऊ. या चाचण्यांमध्ये ज्या जनुकाचं नाव सर्वात जास्त घेतलं जातं, ते आहे एसीटीएन-3. वेगाने आकुंचन पावणाऱ्या स्नायूतंतूंमध्ये एक प्रथिन असतं, ते बनवण्याची कृती या जनुकात असते. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना आढळलं, की अव्वल दर्जाच्या कमी अंतराच्या धावपटूंमध्ये हे प्रथिन अजिबात न बनवणारे लोक फारच कमी आहेत. बातम्यांनी लगेच त्याचं ‘वेगाचं जनुक’ असं बारसं केलं. काही वर्षांतच अमेरिकेत लहान मुलांसाठी त्याची चाचणी विकायला आली.

इथे थोडं थांबून हिशोब करा. जगात साधारण पाच माणसांत एकाच्या शरीरात हे प्रथिन नसतं. म्हणजे उरलेल्या चौघांत ते असतं. तुमच्या इमारतीतल्या, गल्लीतल्या बहुतेक माणसांत ते असणार, आणि त्यांतला जवळजवळ कुणीच ऑलिम्पिकला जाणार नाही. ‘तुमच्या मुलाकडे वेगाचं जनुक आहे’ या वाक्याचा अर्थ एवढाच, की तो बहुसंख्य लोकांसारखा आहे. उलट बाजूने, हे प्रथिन नसलेला एक स्पॅनिश लांब उडीपटू ऑलिम्पिकपर्यंत पोचल्याची नोंद शास्त्रीय नियतकालिकात आहे.

2015 मध्ये या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये एकत्रित निवेदन दिलं. गुणवत्ता शोधण्यासाठी किंवा सराव ठरवण्यासाठी कुठल्याही मुलाची अशी चाचणी करू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा टेस्टबद्दल माझं उत्तर सरळ आहे. ते पैसे चांगल्या बुटांवर खर्च करा.

सराव कुणाला किती लागू पडतो

अनुवंशाचा एक भाग मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. 1990 च्या दशकात ‘हेरिटेज फॅमिली स्टडी’ नावाचा मोठा अभ्यास झाला. व्यायाम न करणाऱ्या कुटुंबांतल्या आईबापांना आणि त्यांच्या मोठ्या मुलांना 20 आठवडे सारख्याच पद्धतीने सायकलिंगचा व्यायाम दिला. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, हे आधी आणि नंतर मोजलं.

सरासरी वाढ मिनिटाला सुमारे 400 मिलिलिटर झाली. पण काहींमध्ये जवळजवळ काहीच वाढ नव्हती आणि काहींमध्ये ती एक लिटरपर्यंत गेली होती. व्यायाम तोच, फळ वेगळं. या फरकाचा जवळपास निम्मा भाग कुटुंबाशी जोडलेला निघाला. म्हणजे सराव किती लागू पडतो, यातही अनुवंश आहे.

यातली पालकांच्या कामाची गोष्ट पुढे आहे. सुरुवातीला कोण किती तंदुरुस्त होता, यावरून नंतर कोण किती सुधारेल हे जवळजवळ कळत नव्हतं. निवड चाचणीत आपण काय मोजतो? त्या दिवशीची पातळी. सरावाने मूल कुठवर जाईल, हे त्या दिवशी दिसतच नाही. ते कळायला सराव करू द्यावा लागतो आणि वाट बघावी लागते.

जनुकं की घर?

लिअँडर पेसचं उदाहरण नेहमी दिलं जातं. वडील डॉ. वेस पेस मूळचे गोव्याचे, 1972 च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय हॉकी संघातले. आई जेनिफर भारताच्या बास्केटबॉल संघाची कर्णधार. मग 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये लिअँडरने टेनिसचं कांस्यपदक आणलं, की लोक म्हणतात, रक्तातच होतं. पी. व्ही. सिंधूचे आईवडील दोघंही व्हॉलीबॉलपटू. वडील रमणा 1986 च्या आशियाई स्पर्धेतल्या कांस्यपदक विजेत्या संघात होते.

पण बघा, दोन्ही मुलांनी आईवडिलांचा खेळ उचललेला नाही. घरातून त्यांना जनुकं मिळाली असतील, तसंच आणखीही बरंच मिळालं. सराव म्हणजे काय, दुखापत झाली की काय करायचं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी कसं उठायचं, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. यातलं जनुकांचं किती आणि घराचं किती, हे एका कुटुंबाकडे बघून वेगळं काढता येत नाही. आणि सचिन तेंडुलकरचे वडील मराठीचे प्राध्यापक आणि कवी होते, हे तर आपल्याला ठाऊकच आहे.

गटावर लावलेलं लेबल

‘रक्तात असतं’ हा समज सरकारी योजनेत उतरला, तर काय होतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. गुजरातमध्ये आणि कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलंमुली निवडून त्यांना खेळाडू घडवण्याची योजना सुरू केली. कल्पना अशी, की आफ्रिकी वंश म्हणजे धावण्यात आपोआप पुढे.

काही मुलांनी पदकंही मिळवली. पण थोड्याच वर्षांत, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला, योजना गुंडाळली गेली आणि मुलं घरी परतली. मुळात आफ्रिका म्हणजे जनुकांचा एक साचा नाही. जगातली सर्वात जास्त जनुकीय विविधता त्याच खंडात आहे. शिवाय ‘तुझ्या रक्तात वेग आहे’ असं मुलाला सांगितलं, की जिंकणं हे त्याचं कर्तव्य होऊन बसतं. तो हरला तर दोष योजनेचा ठरत नाही, त्याचा ठरतो. घरातही हेच होतं. ‘बाबा एवढे खेळायचे’ हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण ऐकणाऱ्याच्या खांद्यावर ते ओझं असतं.

तेरा वर्षांचे दोघं

आता शरीराच्या वाढीचं बघू. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या आणि मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येतो. पण कुणाला तो दोन वर्षं आधी येतो, कुणाला दोन वर्षं नंतर. त्यामुळे दाखल्यावर दोघंही तेराचे असले, तरी एकाचं शरीर अकराचं आणि दुसऱ्याचं पंधराचं असू शकतं. चौदा वर्षांखालच्या संघात कोण निवडला जाईल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही.

वयाची तारीख 1 जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं. कॅनडाच्या आइस हॉकीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी असते, हे 1980 च्या दशकातच लक्षात आलं होतं. आपल्याकडे याच लोभापायी दाखल्यावरची तारीख बदलली जाते. म्हणून क्रिकेट मंडळाला मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासावं लागतं. राहुल द्रविडने 2015 च्या पतौडी स्मृती व्याख्यानात यावर बोट ठेवलं होतं. आपले पालक आणि प्रशिक्षकच फसवताहेत हे बघणारं मूल त्यातून काय शिकेल, असा त्याचा प्रश्न होता.

लवकर पुढे म्हणजे शेवटपर्यंत पुढे नव्हे

2021 मध्ये 6,000 हून जास्त खेळाडूंची माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण प्रसिद्ध झालं. लहान वयोगटात चमकणारी मुलं एकाच खेळाचा सराव लवकर आणि जास्त करणारी होती. पण प्रौढ वयात जागतिक पातळीवर पोचलेल्यांची गोष्ट उलटी होती. राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांपेक्षा त्यांनी लहानपणी जास्त वेगवेगळे खेळ खेळले होते, मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता, आणि सुरुवातीची त्यांची प्रगतीही हळू होती.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शेतकरी घरातला. सैन्यात भरती झाल्यावर, विशीत, तो स्पर्धात्मक धावण्याकडे वळला आणि स्टीपलचेस त्यानंतर आली. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक घेतलं. दहाव्या वर्षी त्याच्याकडे बघून हे कुणी सांगितलं असतं?

मग करायचं काय

जिम्नॅस्टिक्ससारखे काही खेळ लवकरच सुरू करावे लागतात. बाकी बहुतेक खेळांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 2016 चा सल्ला आहे, की पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत एकाच खेळाला जुंपू नका. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती, आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून सुट्टी. ती सुट्टी एकेका महिन्याच्या तुकड्यांत दिली तरी चालते. अंगठ्याचा एक नियमही लक्षात ठेवा. मुलाचं वय जितकं, त्यापेक्षा जास्त तास आठवड्याला शिस्तीचा सराव नको. दहा वर्षांच्या मुलीला दहा तास पुष्कळ झाले.

याचं कारण शरीरात आहे. वाढत्या हाडांच्या टोकाशी कूर्चेचा मऊ थर असतो, आणि तो सततच्या एकाच ताणाने दुखावतो. गुडघ्याच्या खाली दुखणारी फुगवटी, वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाची पाठदुखी, जलतरणपटूचा खांदा, ही कामचुकारपणाची लक्षणं नाहीत. दुखणं आठवडाभर टिकलं तर सराव थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि घरी परतताना स्कूटरवर, बसमध्ये, गाडीत सामन्याची चिरफाड करू नका. चूक कुठे झाली हे सांगायला प्रशिक्षक आहे. मुलाला त्या वेळी भूक लागलेली असते. पालक म्हणतात, “आम्ही दबाव टाकतच नाही.” तो टाकला की नाही, हे मूल ठरवतं. म्हणून स्पर्धा नसलेल्या एखाद्या निवांत दिवशी त्याला विचारा, “पुढच्या वर्षी हा खेळ खेळायचा आहे का तुला?” उत्तर ‘नाही’ आलं तरी ऐकून घ्यायची तयारी ठेवा. ‘हो’ आलं, तर सोळाव्या, अठराव्या वर्षी ते मूल मैदानावर असण्याची शक्यता वाढली. त्याच्या जनुकांमध्ये काय होतं, ते तेव्हाच कळायला लागेल.