गोकाकचा धबधबा पाहायचा तर पाण्याचा हंगाम पाहून निघा

कापडाच्या धंद्यातील माणसाला हंगाम समजावून सांगावा लागत नाही. लग्नसराईचा माल भर पावसाळ्यात मांडून कोणी बसत नाही आणि दिवाळीची खरेदी दिवाळीच्या आदल्या दिवशी कोणी करीत नाही. सहलीच्या बाबतीत मात्र आपली व्यापारी आणि कारीगर मंडळी हा हिशेब बाजूला ठेवतात. सुट्टी मिळाली की गाडी ठरवायची, पोहोचल्यावर जे दिसेल ते पाहायचे आणि परतायचे, अशी आपली रीत आहे. किल्ला किंवा बाग पाहायची असेल तर ही रीत चालून जाते, कारण किल्ला बाराही महिने जागेवर असतो. धबधब्याचे तसे नाही. त्याचा माल म्हणजे पाणी, आणि तो माल ठरावीक महिन्यांतच येतो.

इचलकरंजी, मिरज, कोल्हापूर, सोलापूर या भागातील अनेक बांधव गोकाकच्या धबधब्याला एकदा जायचे म्हणून वर्षानुवर्षे बोलत असतात. माझ्या ओळखीचे काही सूत व्यापारी मुलांच्या परीक्षा संपल्यावर मे महिन्यात कुटुंबासह तेथे गेले. त्यांना तापलेला खडक आणि मधून वाहणारी पाण्याची बारीक धार एवढेच दिसले. गाडीचे भाडे गेले, दिवस गेला आणि मुले नाराज होऊन परतली. पहिल्यांदा जाणाऱ्यांवर ही पाळी येऊ नये, म्हणून हा लेख.

गिरणी येथे का आली?

गोकाक कर्नाटकच्या बेळगाव जिल्ह्यात आहे. घटप्रभा नदी येथे सुमारे १७० फूट उंचीच्या कड्यावरून खाली कोसळते. कड्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा असल्यामुळे पूर्ण पाणी असताना ते अर्धगोल पडद्यासारखे दिसते. पात्रावर झुलता पूल आहे, त्याची लांबी सुमारे २०० मीटर आहे. काठावर चालुक्यकालीन दगडी मंदिर आहे. हे सर्व पाहण्यासारखे आहेच. परंतु कापडाच्या आणि सुताच्या धंद्यातील माणसाने येथे आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे धबधब्याला लागून उभी असलेली सूतगिरणी.

१८८५ साली स्थापन झालेल्या कंपनीचे नावच गोकाक वॉटर पॉवर अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी असे होते, आणि १८८७ साली गिरणी सुरू झाली. त्या काळी गिरणी म्हणजे कोळसा आणि वाफ असे समीकरण होते. कोळशाच्या खाणी या भागापासून फार दूर. येथे मात्र निसर्गाने १७० फुटांचा उतार आयता दिला होता. पाण्याची ताकद दोन गोष्टींवर ठरते, ते किती उंचीवरून पडते आणि किती पडते. उंची वर्षभर तीच राहते, पाणी मात्र कमीजास्त होते. गिरणी उभारणाऱ्यांना हे गणित बरोबर ठाऊक होते. सहलीला जाणाऱ्यानेही तेच गणित लक्षात ठेवायचे आहे.

पाणी कोठून येते, केव्हा येते?

घटप्रभेचे पाणी गोकाकच्या पावसाचे नाही. ही नदी सह्याद्रीत उगम पावते. आंबोलीहून निघून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वरवरून येणारी हिरण्यकेशी आणि चंदगडकडून येणारी ताम्रपर्णी तिला मिळतात. म्हणजे गोकाकला ऊन पडले असले तरी आंबोली-चंदगडला मुसळधार पाऊस असेल तर नदी भरून येते. उलट गोकाकला सरी पडत असल्या आणि घाटात पाऊस थांबला असला तर पाणी उतरते. आपल्यापैकी कितीतरी जणांचे नातलग किंवा गिऱ्हाईक आजरा, गडहिंग्लज, चंदगड येथे आहेत. निघण्याच्या दोन दिवस आधी त्यांना एक फोन करावा. कपाशीचा भाव विचारतो तसा पाऊस विचारावा.

दुसरी गोष्ट धरणाची. धबधब्याच्या वरच्या अंगाला हिडकल येथे मोठे धरण आहे आणि त्याच्या खाली धुपदाळ येथे जुना बंधारा आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पाणी आधी धरण भरण्यात जाते. त्यामुळे जूनमध्ये पाऊस सुरू झाला म्हणून धबधबा लगेच भरून वाहील असे नाही. धरण भरत आले आणि पाणी सोडू लागले की खरा देखावा सुरू होतो. साधारणपणे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ जाण्यासाठी चांगला. पाऊस लांबला तर त्यात पंधरवड्याचा फरक पडतो. भर पुरात पाणी तांबूस, गढूळ असते, पाऊस ओसरल्यावर ते निवळते. दोन्ही रूपे पाहण्यासारखी आहेत, पण लहान मुले आणि वृद्ध सोबत असतील तर पूर ओसरल्यानंतरचे दिवस निवडावेत.

सुट्टी आणि हंगाम यांचा मेळ

आपल्या लोकांची खरी अडचण येथेच आहे. कुटुंबासह बाहेर पडण्याची आपली सवय ईदच्या सुट्टीची. ईद चंद्राच्या हिशेबाने येते आणि दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकते. २०१६ साली ईद-उल-फित्र जुलैत होती, तेव्हा ईदची सुट्टी आणि धबधब्याचा हंगाम एकत्र आले. २०२५ साली तीच ईद ३१ मार्चला आली. नदीचे पाणी चंद्राचे महिने पाहत नाही. म्हणून ईदच्या सुट्टीत धबधबा हा बेत आता पुष्कळ वर्षे जमणार नाही. शाळेची मोठी सुट्टी मे महिन्यात, तीही उपयोगाची नाही.

तेव्हा पावसाळ्यातला एक दिवस मुद्दाम काढावा लागेल. दुकानदाराला ते फारसे जड नाही. जुलै-ऑगस्टमध्ये किरकोळ कापडाची गिऱ्हाइकी मंदच असते आणि दिवाळीच्या मालाची धावपळ त्यानंतर लागते. जड जाते ते मागावरच्या कारीगराला. त्याची मजुरी मीटरवर. माग बंद तर मजुरी बंद. एक दिवसाची सहल म्हणजे त्याला गाडीभाडे, जेवण आणि बुडालेली मजुरी असा तिहेरी खर्च होतो. म्हणूनच वर्षे जातात, मुले मोठी होतात आणि शंभर किलोमीटरवरचा धबधबा पाहायचा राहून जातो.

यावर उपाय मालकांच्या हाती आहे. मागांची साफसफाई, तेलपाणी, दुरुस्ती यासाठी कारखाना कधी ना कधी बंद ठेवावाच लागतो. ती बंदी जुलै-ऑगस्टमध्ये धरावी, तारीख महिनाभर आधी कारीगरांना सांगावी आणि गाडीचे भाडे मालकाने उचलावे. जेवण घरून न्यावे. अशा एका दिवसाचा खर्च मालकाच्या वर्षाच्या हिशेबात फारसा दिसणारही नाही. पण बारा-बारा तास मागाच्या आवाजात उभा राहणारा कारीगर तो दिवस विसरत नाही, आणि कामाला टिकणारा माणूस हाच या धंद्यात सर्वांत महाग माल आहे.

कसे जायचे?

कोल्हापूर-बेळगाव महामार्गावर संकेश्वरला वळून हुक्केरी, घटप्रभामार्गे गोकाकचा रस्ता आहे. कोल्हापूर-इचलकरंजीकडून अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडते. पहाटे नमाजनंतर निघाल्यास सकाळी पोहोचून संध्याकाळी आरामात परतता येते. बेळगावहून अंतर साधारण साठ किलोमीटर.

रेल्वेने जायचे तर मिरज-बेळगाव मार्गावर घटप्रभा आणि गोकाक रोड ही दोन स्थानके आहेत. घटप्रभेला उतरणे अधिक सोयीचे. तेथून पुढे बस किंवा रिक्षा मिळते. मालेगाव-भिवंडीकडील बांधवांनी एवढ्या लांब केवळ धबधब्यासाठी येऊ नये. इचलकरंजीच्या खरेदीला किंवा बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील साड्यांच्या कामासाठी येणार असाल तर तीच फेरी पावसाळ्यात ठेवावी आणि एक दिवस जास्त काढावा.

रविवार शक्यतो टाळावा. गर्दी, गाड्यांची कोंडी आणि पुलाजवळची रेटारेटी यांत बायका-मुलांचे हाल होतात. झुलत्या पुलावर जाणे पाणी वाढल्यावर बंद करतात. पूल उघडा नसेल तर काठावरून पाहावे, पहारेकऱ्याशी हुज्जत घालू नये. गिरणी ही खासगी जागा आहे, तिच्या आवारात परवानगीवाचून शिरू नये. आणखी हौस असेल तर जवळच मार्कंडेय नदीवर गोडचिनमलकीचा दोन टप्प्यांचा धबधबा आहे. सोबत वृद्ध असतील तर तो पुढच्या खेपेला ठेवावा.

जिवाचा हिशेब

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. ते उतरले तेव्हा पाणी कमी होते. वरच्या भागात पाऊस वाढला, काही मिनिटांत लोंढा आला आणि ज्या खडकावर ते उभे होते त्याच्या चारी बाजूंनी पाणी झाले. ही घटना प्रत्येक घरात वाचून दाखवावी अशी आहे.

गोकाकला हा धोका दुहेरी आहे. वर घाटातला पाऊस आहे आणि वर धरणही आहे. पायाखाली कोरडा दिसणारा खडक पाणी सोडल्यावर थोड्या वेळात पाण्याखाली जातो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तर गोकाक शहरातही नदीचे पाणी शिरले होते. म्हणून नियम साधा ठेवावा. पात्रात कोणीही उतरायचे नाही. कड्याच्या टोकाशी फोटो काढायचे नाहीत. शेवाळलेल्या दगडावर पाय ठेवायचा नाही. प्रत्येक गाडीमागे एका वडीलधाऱ्या माणसाला जबाबदार नेमावे आणि निघताना तसेच परतताना माणसे मोजावीत. तरुण मुलांना हे आवडत नाही. तरी त्यांना गाडीत बसण्याआधीच बजावून सांगावे, कारण पाण्याच्या आवाजात तेथे हाका ऐकू येत नाहीत.

परतताना

गोकाक गावात दोन वस्तू घेण्यासारख्या आहेत. एक करदंट, म्हणजे डिंक, सुका मेवा आणि गूळ यांची मिठाई. ती पुष्कळ दिवस टिकते. दुसरी गोकाकची रंगीत लाकडी खेळणी. हे हातचे काम आहे. घेताना फार घासाघीस करू नये. आपल्या लुंगीचा, आपल्या साडीचा भाव कोणी पाडला तर आपल्याला काय वाटते, ते आठवावे.

थोडक्यात हिशेब असा. जूनमध्ये तारीख आणि माणसे ठरवावीत, गाडीचा बयाणा द्यावा. जुलैत हिडकल धरण किती भरले याच्या बातम्या पाहाव्यात. निघण्याच्या दोन दिवस आधी घाटातला पाऊस विचारावा. अतिवृष्टीचा इशारा असेल तर बेत आठवडाभर पुढे ढकलावा. बयाणा देतानाच गाडीवाल्याशी तशी बोली करून ठेवावी. ज्या मालकांनी यंदाची बंदी अजून ठरवलेली नाही, त्यांनी आजच आपल्या कारीगरांना बोलावून तारीख विचारावी.