फौजेत गेलेल्या पोराची कॉलेजातली जागा

‘भरतीचं पत्र दाखवलं की कॉलेज सीट राखून ठेवतं. कायदाच आहे तसा.’ नागपुरात पहाटे सोळाशे मीटरची प्रॅक्टिस चालते अशा मैदानांवर हे वाक्य हमखास ऐकू येतं. सांगणारा इतक्या ठामपणे सांगतो की समोरचा पोरगा कलम कोणतं ते विचारतच नाही. विचारलं तरी मिळणार नाही. सैन्यात गेलेल्या विद्यार्थ्याची जागा कॉलेजने राखून ठेवावी आणि तो परतला की त्याच वर्षाला पुन्हा घ्यावं, अशी सक्ती करणारा कायदा भारतात नाही.

मग ही समजूत आली कुठून? माझ्या मते तिची दोन उगमस्थानं आहेत. एक अमेरिका. तिथे २००८च्या उच्च शिक्षण कायद्याने हे बंधन खरोखरच घातलं आहे. विद्यार्थी लष्करी सेवेसाठी गेला, जाण्याआधी कॉलेजला कळवलं आणि सेवेपोटीची एकूण गैरहजेरी पाच वर्षांच्या आत राहिली, तर कॉलेजने त्याला आधीच्याच शैक्षणिक दर्जावर परत घ्यायचं. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात, कोणीतरी त्याला हिंदी आवाज देतं आणि ‘अमेरिकेत’ हा शब्द वाटेत गळून पडतो.

दुसरं उगमस्थान घराजवळचं आहे. सीताबर्डीच्या किल्ल्यावर प्रादेशिक सेनेची, म्हणजे टेरिटोरियल आर्मीची, ११८वी इन्फंट्री बटालियन आहे. १९४८च्या प्रादेशिक सेना कायद्यात एक तरतूद आहे: या सेनेतल्या माणसाला सेवेसाठी बोलावलं, तर ती संपल्यावर मालकाने त्याला नोकरीवर परत घ्यायचं. नोकरीवर. कॉलेजचा त्यात उल्लेख नाही. नोकरदार नागरिकाने वर्दीही चढवावी, या कल्पनेवर ती सेना उभी आहे, त्यामुळे संरक्षण पगाराला मिळालं. विद्यार्थ्याचा विचार तेव्हा कोणी केला नाही, आणि १४ जून २०२२ला अग्निपथ योजना जाहीर झाली तेव्हाही कायदा करून कोणी केला नाही. खरं तर तेव्हा करायला हवा होता. साडेसतरा ते एकवीस या वयातल्या मुलांना ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी बोलवायचं आणि त्यातल्या फक्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम ठेवायचं, म्हणजे उरलेले पंचाहत्तर टक्के शिकायच्या वयातच घरी येणार हे उघड होतं.

आता जरा शहाण्या मुलांचा युक्तिवाद घेऊ. ‘सीट गेली तर गेली. नवीन शैक्षणिक धोरण आहे ना? क्रेडिट बँकेत जमा आहेत, कधीही परत येऊ.’ हे निम्मं खरं आहे, आणि अडचण होते ती उरलेल्या निम्म्यात. म्हणून इथे थोडं थांबून हिशेब मांडू.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम केले. विद्यार्थ्याचा बारा अंकी क्रमांक असतो, डिजिलॉकरमधून तो काढता येतो आणि उत्तीर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट्स त्या खात्यात पडतात. ती जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. डिसेंबर २०२२च्या अभ्यासक्रम आराखड्यात मधल्या टप्प्यावर बाहेर पडायची सोय आहे: पहिलं वर्ष संपवून प्रमाणपत्र, दुसरं संपवून पदविका. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घ्यायचं तर चार क्रेडिटचा एक व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिपही करावी लागते. नुसतं वर्ष पास होऊन भागत नाही. पण खरी मेख त्याच आराखड्यातल्या पुढच्या ओळीत आहे. असा बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत यायला हवा आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण व्हायला हवी.

तीन वर्षांत परत यायचं, आणि अग्निवीराची सेवा चार वर्षांची.

समजा एक मुलगा जून २०२४मध्ये बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसला. महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत नवं धोरण सुरू झालं ते याच वर्षी. मे २०२५मध्ये पहिलं वर्ष संपवून तो बाहेर पडला आणि नोव्हेंबरात प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. परत यायची मुदत २०२८च्या उन्हाळ्यात संपते, तेव्हा तो कुठल्या तरी सीमेवर ड्यूटीला असतो. ‘तेवढ्यापुरतं सोडून येईन’ म्हणायची सोय नाही, कारण मुदतीआधी स्वतःच्या विनंतीवरून सुटका अग्निवीराला मिळत नाही, अगदी अपवादात्मक कारण सोडलं तर. वार्षिक रजा तीस दिवसांची. नोव्हेंबर २०२९ला तो सुटतो. तेव्हा कॉलेजांचं वर्ष अर्ध्यावर असतं, म्हणून प्रवेश २०३०च्या उन्हाळ्यात. दुसरं आणि तिसरं वर्ष करून तो २०३२मध्ये पदवीला पोचतो. सात वर्षांची मुदत मात्र २०३१लाच संपलेली असते. क्रेडिट्स बँकेत आहेत, पण ज्या दारातून ती वापरायची ते दार बंद.

हा हिशेब आयोगाच्या आराखड्यावरचा आहे. प्रत्यक्ष निर्णय विद्यापीठाच्या अध्यादेशाने होतो, त्यात सवलत देता येते, आणि एखादा प्राचार्य किंवा कुलसचिव मनावर घेऊन प्रकरण मार्गीही लावू शकतो. पण ती त्यांची मर्जी झाली. विद्यार्थ्याचा हक्क नव्हे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने कॉल लेटर हातात पडताच करायची गोष्ट एकच: कॉलेजमार्फत विद्यापीठाला लेखी अर्ज द्यायचा, त्यात सेवेचा कालावधी लिहायचा आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घरच्या पेटीत ठेवायची. तोंडी ‘सर हो म्हणाले होते’ याला चार वर्षांनी किंमत नसते. सर तोवर निवृत्त झालेले असतात.

कॉलेजच्या खिडकीवरचं दृश्य ठरलेलं असतं. मुलगा टीसी मागायला येतो, कारण गावातल्या कोणीतरी सांगितलेलं असतं की सगळे मूळ कागद काढून घे. बाबू चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, ‘टी.सी. नेली म्हणजे तू आमचा राहिला नाहीस, माहीत आहे ना बाप्पा?’ तो बरोबर बोलतो. टीसी काढली की त्या कॉलेजातला प्रवेश संपला. परत आल्यावर नव्याने अर्ज, गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि विद्यापीठ बदललं असेल तर मायग्रेशनही. भरतीसाठी मूळ गुणपत्रिका आणि शाळेचे दाखले लागतात, ते घ्यावेत. कॉलेजची टीसी मात्र कोणी खरोखर मागितली असेल तरच काढावी.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग फौजेत गेलं की शिक्षण बुडालंच. तर तेही नाही. उलट मला वाटतं, परत येऊन जुन्या कॉलेजात बसायचा हट्टच सोडावा आणि सेवेत असतानाच पदवी करावी. अग्निवीरांसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाने तीन वर्षांची खास पदवी आखली आहे. तिची अर्धी क्रेडिट्स सैन्यातल्या प्रशिक्षणाची धरली जातात आणि उरलेली अर्धी नेहमीच्या विषयांचा अभ्यास करून मिळवायची. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी असे टप्पे आहेत. कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमध्ये घाम गाळून शिकलेल्या गोष्टी गुणपत्रिकेत उतरतात, हे या योजनेचं खरं मोल. मात्र ‘आपोआप पदवी मिळते’ ही समजूत चूक आहे. नाव नोंदवावं लागतं, परीक्षा द्यावी लागते. दहावीवर भरती झालेल्यांचंही तसंच. त्यांना बारावी करता यावी म्हणून राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने सोय केली आहे, पण तीही अभ्यास करूनच.

खास योजना नको असेल तर इग्नूची साधी बी.ए. आहे. तिला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात, म्हणजे चार वर्षांची सेवा तिच्यात आरामात बसते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवतं, आणि इग्नूप्रमाणेच त्याचंही विभागीय केंद्र नागपुरात आहे. युनिटची परवानगी घ्यायची, आणि तीही लेखी.

इथे हमखास एक काका मध्ये पडतात: ‘मुक्त विद्यापीठाची डिग्री कुठे चालते?’ चालते. आयोगाची मान्यता असलेल्या मुक्त आणि दूरस्थ पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या आहेत, आणि स्पर्धा परीक्षांना बसायला पदवी लागते तिथे त्या चालतात. अभियांत्रिकी, वैद्यकीय यांसारखे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने करता येत नाहीत, तेवढं लक्षात ठेवलं की झालं. २०२२पासून तर एक पदवी कॉलेजात बसून आणि दुसरी दूरस्थ, अशा दोन पदव्या एकाच वेळी करायलाही आयोगाची हरकत नाही.

दुसरा गैरसमज पूर्ण सेवा करून आलेल्या जुन्या जवानांचा, आणि तो जास्त चटका लावणारा आहे. पंधरा वर्षं सेवा झालेल्या मॅट्रिक जवानाला पदवी समकक्षतेचं प्रमाणपत्र मिळतं. घरात ते फ्रेम करून लावलेलं असतं, ‘ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट’ म्हणूनच त्याची ओळख असते. ते घेऊन एम.ए.च्या प्रवेशाला गेलं की खिडकीवरून परत पाठवतात आणि माणूस अपमान झाल्यासारखा घरी येतो. मूळ तरतूद नोकरीपुरती आहे. माजी सैनिकांच्या पुनर्नियुक्तीच्या केंद्रीय नियमांत १९८६मध्ये दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पदवी ही अट असलेल्या गट ‘क’च्या पदांसाठी असा माजी सैनिक पात्र धरला जातो, जिथे तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभवाची अट नसेल तिथे. विद्यापीठाच्या पदवीची जागा ते प्रमाणपत्र घेत नाही. सेवेचा मान कमी करायचा त्यात हेतू नाही, दोन वेगळ्या खात्यांचे दोन वेगळे कागद आहेत. चाळिशीत निवृत्त होणाऱ्या जवानाला शिकायचंच असेल तर वर सांगितलेली मुक्त विद्यापीठाची वाट त्यालाही खुली आहे.

आणि डिफेन्स कोटा. यावर बोलताना आवाज चढतात. महाराष्ट्रात सीईटीच्या प्रवेशांत ‘डेफ-१’, ‘डेफ-२’, ‘डेफ-३’ असे तीन गट असतात. पहिला महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या माजी सैनिकांच्या मुलांसाठी, दुसरा अधिवासी असलेल्या सेवारत सैनिकांच्या मुलांसाठी, तिसरा बाहेरचे पण बदलीवर इथे आलेल्या सेवारत सैनिकांच्या मुलांसाठी. नागपुरात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आणि कामठीची छावणी असल्याने हा तिसरा गट इथे चांगलाच परिचयाचा. तिन्ही ठिकाणी शब्द आहे तो ‘मुलांसाठी’. सैनिक स्वतः या कोट्यातून अर्ज करू शकत नाही. राज्याच्या गट ‘क’ आणि ‘ड’च्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे, त्यावरून कॉलेजातही तसंच असणार असा अंदाज लोक बांधतात. माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी असलेली पंतप्रधान शिष्यवृत्तीही, जिच्यात मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात, पुढच्या पिढीसाठी आहे, सैनिकासाठी नाही.

यात अग्निवीराच्या घरच्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. चार वर्षं करून परत आलेल्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. सैन्याने जून २०२२मध्येच स्पष्ट केलं होतं: पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही, दर्जाही नाही. त्यामुळे त्या दर्जावर उभ्या असलेल्या शैक्षणिक सवलती त्याच्या नावावर पुढे त्याच्या मुलांनाही मिळायच्या नाहीत. त्याच्या हाती सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये येतात, आणि एक कौशल्य प्रमाणपत्र. त्या पैशातून गावाकडे आधी घराचा स्लॅब पडतो की फी भरली जाते, हे त्या घराने ठरवायचं.

पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३च्या सुमारास सुरू झालं, म्हणजे त्यातले जे कायम होणार नाहीत ते २०२६च्या अखेरीपासून २०२७च्या सुरुवातीपर्यंत विदर्भातल्या आपापल्या गावी पोचतील. नियमित कॉलेजं तेव्हा सत्राच्या मध्यावर असतील आणि बहुतेक ठिकाणी ‘जूनमध्ये या’ असंच ऐकावं लागेल. मुक्त विद्यापीठात ज्याने आधीच नाव नोंदवलं आहे, त्याला त्या जूनची वाट पाहायची गरज नाही. नाव नोंदवलंच नसेल तर इग्नूचं जानेवारी सत्र त्याच सुमारास सुरू होतं. त्याच्या मुदती सहसा पुढे ढकलल्या जातात, पण त्या भरवशावर न राहता डिजिलॉकरमधला तो बारा अंकी क्रमांक, जुनी गुणपत्रिका आणि सेवामुक्तीचा कागद घेऊन पहिल्याच आठवड्यात फॉर्म भरलेला बरा.