'मला चहा आवडतो' आणि स्पॅनिश व्याकरण



परकीय भाषा शिकायची तर आधी इंग्रजी पक्की हवी, अशी समजूत आपल्या अमरगोळातही घट्ट आहे. त्यापायी घरची मराठी आणि गल्लीतली कन्नड मुलांच्या वाटेतली अडचण ठरते. ही समजूत तपासण्यास एक वाक्य पुरेसे आहे.

'मला चहा आवडतो' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल ते' असे होते. 'मे' म्हणजे मला, 'गुस्ता' म्हणजे आवडतो, 'ते' म्हणजे चहा. 'एल' हे नामाआधी येणारे उपपद. मराठीत तसे काही नाही. आता सांगा, या वाक्यात कर्ता कोण? मी नव्हे, चहा! क्रियापद चहाच्या मागे जाते. 'मला आंबे आवडतात' म्हणताना आपण क्रियापद अनेकवचनी करतो, तेही 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणतात. आवडून घेणारे कितीही असोत, क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नाही. 'आम्हाला आंबा आवडतो' म्हणजे 'नोस गुस्ता एल मांगो'.

इंग्रजीत मात्र 'आय लाइक टी'. तिथे 'मी' कर्ता. म्हणून इंग्रजीच्या पुलावरून स्पॅनिशकडे जाणारे हमखास 'यो गुस्तो' म्हणून अडखळतात. आपल्या मुलांना हा पूल हवाच कशाला? मराठीत 'मला', हिंदीत 'मुझे चाय पसंद है', कन्नडमध्ये 'ननगे चहा इष्ट'. तिन्हींचा साचा तोच.

यावरून स्पॅनिश आपल्यातूनच निघाली, असे कोणी उत्साहाने सांगू लागेल. ते खरे नाही. कन्नड तर द्राविडी कुळातली, तरी साचा एकच. उलट स्पॅनिशची सख्खी बहीण पोर्तुगीज, जी गोव्यात 1961 पर्यंत राज्यकर्त्यांची भाषा होती, ती 'एऊ गॉश्तु द शा' म्हणते, म्हणजे तिथेही 'मी'च कर्ता.

साम्य सगळीकडे नाही, हेही मुलांना सांगावे. चहा आवडतो, भाकरी आवडते. स्पॅनिशमध्ये दोन्हीला 'गुस्ता'च, वर्तमानकाळी क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही. आपल्याला भूक 'लागते', ते 'तेंगो आम्ब्रे' म्हणतात; शब्दशः, मी भूक बाळगतो. आणि 'माझे डोके दुखते' याला त्यांचे वाक्य आहे 'मे दुएले ला काबेसा'. आपण 'माझे' म्हणतो तिथे ते 'मला' म्हणतात.